लग्नाचे फोटो कोणी काढायचे?

याद्यांच्या बैठकीत कार्यालय ठरते, ताटाचा दर ठरतो, मानपानाच्या साड्यांवर अर्धा तास जातो आणि फोटोग्राफरचा विषय सगळ्यांत शेवटी निघतो. तोवर खर्चाच्या आकड्याने सगळे दमलेले असतात. मग कोणीतरी म्हणते, "हल्ली प्रत्येकाच्या हातात चांगला फोन आहे, फोटोग्राफर हवाच कशाला?" लगेच दुसरे कोणी म्हणते, "लग्न एकदाच होतं, चांगला बघा एखादा." दोन्ही बोलणी खरी आहेत आणि दोन्हींच्या आधारे निर्णय होत नाही. फोटोग्राफरला पैसे देताना आपण एक जबाबदारी सोपवत असतो. ठरल्या क्षणी ठरल्या जागी तयार उभे राहायचे, दिवसभर दुसरे काहीच करायचे नाही आणि टिपलेले सगळे महिनोन्महिने जपायचे, ही ती जबाबदारी. आपल्या लग्नात ती किती जड आहे आणि घरातल्या कोणावर टाकली तर त्या माणसाचे लग्न हुकते का, एवढे दोन प्रश्न आधी सोडवले की पैशांचा प्रश्न बराच सोपा होतो.

अंतरपाटाचेच घ्या. शेवटचे मंगलाष्टक संपते, गुरुजी खूण करतात, पाट बाजूला ओढला जातो, वाजंत्री वाजू लागते, अक्षता पडतात, वधूवरांची नजर एकमेकांकडे जाते आणि हार वर उचलले जातात. हे सगळे तीन-चार सेकंदांत. याच सेकंदांत समोरच्या दोन रांगांतले हात फोन धरून वर जातात. हवेतल्या तांदळांवर कॅमेऱ्याचा फोकस अडकतो आणि मागचे चेहरे धूसर होतात. मुरलेला फोटोग्राफर ही सगळी अडचण आधीच हिशोबात धरतो. शेवटचे मंगलाष्टक कोण म्हणणार, हे त्याने गुरुजींना विचारून घेतलेले असते. मुलीच्या मागे मामा आणि करवली कुठे उभे राहतील, पाट कोणत्या बाजूला निघेल, हे बघून तो जागा धरतो आणि फोकस आधीच चेहऱ्यांवर बांधून ठेवतो. त्याचा कॅमेरा महाग असतो, पण या क्षणी उपयोगी पडते ती त्याने आधी पाहिलेली शेकडो लग्ने.

प्रकाशाची बाजू इथे जरा सविस्तर सांगायला हवी, कारण फोनने भागेल की नाही याचे निम्मे उत्तर तिच्यात आहे. फोटो म्हणजे सेन्सरवर गोळा झालेला प्रकाश. व्यावसायिक फोटोग्राफर वापरतात त्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. चांगल्या, महागड्या फोनमधला मुख्य सेन्सर याच्या बाराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. फोनच्या झूमच्या आणि सेल्फीच्या कॅमेऱ्यांचे सेन्सर त्याहूनही लहान. भर दुपारी अंगणात हा फरक जाणवत नाही, कारण प्रकाश मुबलक असतो. कार्यालयात मात्र दिवसासुद्धा पडदे ओढलेले असतात आणि छताच्या ट्यूबा डोळ्यांना वाटतात तेवढा उजेड देत नाहीत. मग फोन शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. शटर १/३० सेकंद उघडे राहिले आणि माणूस साध्या चालीने चालत असला, तर तेवढ्यात तो तीनेक सेंटिमीटर सरकतो. चेहरा पुसट व्हायला एवढे पुरे. फोनचा रात्रीचा मोड अनेक फोटो एकावर एक रचून उजेड वाढवतो. स्थिर बसलेल्या आजीचा फोटो त्याने सुंदर येतो, पण घास भरवण्याच्या गडबडीत हात आणि चेहरे विरघळल्यासारखे दिसतात. त्याच जागी मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स १/२०० सेकंदात काम करू शकतात.

दुसरी अडचण रंगांची. आजकाल व्यासपीठावर जांभळे, निळे, गुलाबी एलईडी दिवे लावायची पद्धत पडली आहे. हळदीचा पिवळा, शालूचा लाल, मुंडावळ्यांचा मोतिया हे रंग दिसायचे तर त्या रंगाचा प्रकाश त्यांच्यावर पडावा लागतो. दिव्यात तो भागच नसेल तर फोटोत आलेला मातकट पिवळा संगणकावर कितीही खटपट केली तरी हळदीचा होत नाही. त्यातले स्वस्त दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण जलद शटरच्या फोटोत आडवे पट्टे उमटतात. यावरचा उपाय फुकट आहे, म्हणून आवर्जून सांगतो. विधी चालू असताना रंगीत दिवे बंद आणि साधे पांढरे किंवा पिवळसर दिवे चालू ठेवावेत, असे सजावटवाल्याला आधीच बजावावे. फोटो कोणीही काढो, एवढ्याने त्यांचा दर्जा वाढतो. होमाच्या धुराचेही तसेच आहे. समोरून फ्लॅश मारला की तो धुरावरूनच परततो आणि सगळ्या चित्रावर पांढरट पडदा येतो; जाणता माणूस उजेड बाजूने घेतो, किंवा फ्लॅश बंद करून खिडकीच्या अंगाला जातो.

फोटोचा आणि लग्नाचा संबंध तसा फार जुना नाही. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक त्या काळातच या विद्येकडे वळले. पण कॅमेरा मांडवापर्यंत यायला पुष्कळ काळ लागला. कित्येक घरांत लग्नाचा म्हणून जपलेला फोटो लग्नानंतर केव्हातरी स्टुडिओत जाऊन, रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहून काढलेला असतो. पुढे फोटोग्राफर कार्यालयात येऊ लागले तेव्हा १२० नंबरच्या रोलवर १२ चौकोनी फोटो बसत. दोन रोल म्हणजे २४ फोटो. एवढ्यात अख्खे लग्न बसवायचे, तर कशाचा फोटो काढायचा आणि कशाचा नाही हे ठरवावेच लागे. त्या जुन्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असे. वाड्यापुढे सतरंजी घालून लहान पोरे पुढे बसलेली, वडीलधारे खुर्च्यांवर, बाकीचे मागे उभे. आजच्या तीस शीटच्या अल्बममध्ये वधूवर वीस ढंगांत दिसतात आणि ज्या काकांनी चार दिवस आधीपासून स्वयंपाकघर सांभाळले ते एकाही पानावर नसतात. फोटोंची संख्या वाढली, तशी निवड मात्र आपल्या हातून सुटली. ती परत हातात घेता येते आणि त्यासाठी फोटोग्राफर लावलाच पाहिजे असेही नाही.

या संदर्भात सप्तपदीकडे मला सगळ्यांचे लक्ष वेधायचे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम म्हणते, की ज्या विवाहविधीत सप्तपदी असते तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. २०२४ मधल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की विधी न करता नुसते प्रमाणपत्र मिळवले तर त्या कायद्याखाली विवाह झाला असे होत नाही. म्हणजे सप्तपदी असलेल्या लग्नात कायद्याच्या दृष्टीने निर्णायक पाऊल तिथे पडते. आणि नेमके तेव्हा कार्यालय रिकामे असते. अक्षता पडल्या की पंगतीची किंवा बुफेची घाई सुरू होते, नातेवाईक पांगतात, फोन खिशात जातात आणि होमापाशी गुरुजी, दोन्हीकडचे आईवडील आणि चार-दोन जवळची माणसे उरतात. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, वधूच्या भावाने वराचा कान पिळणे, या सगळ्याला साक्षीदार थोडे आणि फोटो त्याहून थोडे. कोणाच्याही फोनमध्ये अंतरपाटाचे पन्नास फोटो मिळतील, सातव्या पावलाचा एखादाही मिळेल याची खात्री नसते. अनेक समाजांत सप्तपदी नसते, अक्षतांनाच महत्त्व असते. बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण-पंचशील आणि प्रतिज्ञा असतात, निकाहात कबुली आणि निकाहनाम्यावरच्या सह्या, चर्चमध्ये वचने आणि अंगठ्या. तुमच्या लग्नात असा गाभ्याचा क्षण कोणता आणि त्या वेळी जवळ कोण असेल, हे आधी लिहून काढा. फोटोग्राफर ठरवताना त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, "सप्तपदी चालू असताना तुमचा माणूस कुठे असतो?" पंगतीचे फोटो घ्यायला गेलेला असतो, असे उत्तर आले तर दुसरा फोटोग्राफर बघावा.

आता घरच्या माणसांचे. प्रत्येक कुटुंबात फोटोची हौस असलेला एक भाचा किंवा एक आतेबहीण असते. "आपला अमुक आहे की, तो काढेल," हे वाक्य फार सहज बोलले जाते. अमुकही नाही म्हणू शकत नाही. मग हळदीपासून पाठवणीपर्यंत त्याच्या गळ्यात कॅमेरा राहतो. त्याचा नवा कुर्ता कोणाच्या लक्षात येत नाही, तो सगळ्यांत शेवटी जेवतो आणि अल्बममध्ये तो स्वतः कुठेच नसतो. पाठवणीच्या वेळी बहिणीच्या गळ्यात पडून रडायचे की फोकस सांभाळायचा, अशी निवड आपण त्याच्यावर लादतो. हे मला अन्यायाचे वाटते आणि फोटोग्राफर लावण्याच्या बाजूचे सगळ्यांत बळकट कारणही हेच वाटते. जी व्यक्ती या लग्नात पाहुणी असायला हवी तिला कामाला लावू नये.

फोटो काढण्याचा आठवणीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालय फिरवून आणले आणि काही वस्तू नुसत्या पाहायला, काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवत होते. हा निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आला. मात्र ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागाचा जवळून फोटो घ्यायला सांगितले त्यांच्या आठवणीचे असे नुकसान झाले नाही. बारकाईने पाहावे लागले की आठवणही राहते, असा त्याचा अर्थ लावता येतो. पुढे २०१७ मध्ये अलिक्झान्ड्रा बाराश आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात आपल्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक चांगले आठवत होते, पण कानांनी ऐकलेले कमी. लग्नाच्या बाबतीत या दुसऱ्या शोधाकडे लक्ष द्यायला हवे. लग्नात ऐकण्यासारखे किती असते! आत्याने रचून म्हटलेले मंगलाष्टक, उखाण्यात अडखळलेला नवरदेव, पाठवणीला वडिलांचा बदललेला आवाज. आईवडील, भावंडे, आजी-आजोबा यांच्या हातांत विधींच्या त्या दोन तासांत फोन नसावा, असे माझे ठाम मत आहे. आणि ते व्हायचे तर त्यांना खात्री हवी, की दुसरे कोणीतरी हे टिपत आहे.

म्हणून फोटोग्राफर लावायलाच हवा असे नाही. नोंदणी विवाहाचे उदाहरण घ्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्यापुढे सह्या, एवढ्यावर लग्न होते. खोली लहान, वेळ थोडा, माणसे मोजकी. सह्या करतानाचे, साक्षीदारांबरोबरचे आणि बाहेर पायरीवर सगळ्यांचा मिळून, असे फोटो एखादा मित्र फोनवर उत्तम काढू शकतो. घरच्या अंगणात किंवा गावच्या देवळात सकाळच्या मुहूर्तावर चाळीस-पन्नास माणसांत होणारे लग्नही असेच. उजेड चांगला, गर्दी नाही आणि प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. करोनाच्या काळात हे अनेक कुटुंबांनी अनुभवले. २०२० च्या मे महिन्यात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात ती २५ माणसे आणि दोन तास एवढी आखडली. त्या लग्नांचे फोनवरचे फोटो पाहिले तर त्यांत जवळीक दिसते, कारण कॅमेरा आणि चेहरा यांच्यामध्ये अनोळखी कोणी नव्हते.

फोटोग्राफर न लावता करायचे असेल तर तेही मन लावून करावे. घरातल्या माणसाऐवजी मित्रमंडळींपैकी किंवा शेजारातल्या, ज्यांचा विधीत सहभाग नाही अशा दोघांना विचारावे आणि त्यांना आग्रहाने वेळेवर जेवू घालावे. एकाने होमाजवळ थांबायचे, दुसऱ्याने माणसांत फिरायचे. फोनमध्ये आधी जागा रिकामी करून ठेवायची, पॉवर बँक जवळ ठेवायची आणि लेन्स रुमालाने पुसायची. हळदीच्या घरात फोनवर तेलाचे बोट हमखास लागते आणि मग प्रत्येक दिव्याभोवती धुके दिसते. झूम न करता दोन पावले पुढे जायचे. संध्याकाळी सगळे फोटो एका ठिकाणी जमवायचे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवून नव्हे. तिथे फोटो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत किंवा थेट ड्राइव्हवर चढवावेत. आणि सगळ्यांचा एकत्र फोटो उजेडात, जेवणाआधी घ्यावा, जेवणानंतर माणसे जमत नाहीत.

मोठ्या कार्यालयातले लग्न, गोरज मुहूर्त, दोन दिवसांचे कार्यक्रम, तीनशे-चारशे पाहुणे, असे असेल तर मात्र व्यावसायिक माणूस घ्यावा, असेच मी सांगेन. खर्च आवरायचा तर फोटोग्राफर पूर्ण वगळण्यापेक्षा पॅकेज कापावे. पॅकेजमध्ये काय असते? ट्रॅडिशनल फोटो, कॅन्डिड फोटो, व्हिडिओ, सिनेमॅटिक, ड्रोन, क्रेन, प्री-वेडिंग, टीझर, रील्स, एलईडी वॉल, अल्बम. यांतले प्रत्येक कलम म्हणजे एक माणूस किंवा एक यंत्र किंवा कित्येक तासांचे काम. प्री-वेडिंग, क्रेन, ड्रोन आणि जाडजूड अल्बम ही मला सगळ्यांत आधी काढता येण्यासारखी वाटतात. त्या पैशांत लग्नाच्या दिवशी एकाऐवजी दोन चांगले फोटोग्राफर येऊ शकतात. एक होमापाशी आणि एक माणसांत, एवढे जमले की बहुतेक लग्नांचे काम भागते.

दर ऐकून "एका दिवसाचे एवढे?" असे वाटते, तेव्हा पुढचा हिशोब लक्षात घ्यावा. दोन दिवसांत दोघांनी मिळून ४,००० फोटो काढले आणि एकेक रॉ फाइल २५ एमबीची धरली तर १०० जीबी साठा होतो. त्यांतून निवडायला प्रत्येक फोटोवर १० सेकंद नजर टाकली तरी ११ तास जातात. त्यानंतर रंग आणि उजेड सारखे करणे, अल्बमची मांडणी, व्हिडिओचे संपादन. लग्नाच्या दिवसापेक्षा लग्नानंतरचे काम मोठे असते. फारच स्वस्तात होकार देणारा माणूस यातले काहीतरी गाळणार, हे उघड आहे.

निवड करताना त्याच्या पानावरचे निवडक वीस फोटो पाहून भुलू नये. एखाद्या पूर्ण लग्नाचे सगळे फोटो दाखवायला सांगावे, तेही तुमच्यासारख्या अंधाऱ्या कार्यालयातल्या लग्नाचे. दमलेल्या दुपारच्या तीन वाजताचे फोटो कसे आहेत ते पाहावे. समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी कोणाचेही फोटो देखणे येतात. मग विचारावे, "तुम्ही स्वतः येणार ना?" तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि दाट तिथीच्या दिवशी एकाच नावाखाली तीन ठिकाणी माणसे जातात. ज्याचे काम पाहून तुम्ही ठरवले तोच येणार, हे कागदावर हवे. कॅमेऱ्यात दोन कार्डे एकाच वेळी भरतात का, दुसरा कॅमेरा जवळ असतो का, रात्री घरी गेल्यावर प्रती कुठे कुठे ठेवतात, हेही विचारावे. चांगल्या फोटोग्राफरला या प्रश्नांचा राग येत नाही. वधूच्या खोलीत, नऊवारी नेसवताना, महिला फोटोग्राफर असेल तर मुलगी मोकळेपणाने वावरते. मागणी केली तर अनेकांकडे सोय होते. लग्न चर्चमध्ये असेल तर वेदीजवळ फोटोग्राफरने कुठवर यायचे, हे फादरना आधी विचारून घ्यावे.

दोन गोष्टी मी बजावून सांगेन. पहिली, रंग गोरा करू नका. संपादनात चेहरे उजळ करण्याची सवय इतकी मुरली आहे, की सांगितले नाही तर ती होतेच. सावळ्या मुलीला तिच्या स्वतःच्या लग्नात तिच्या रंगाची ठेवत नाहीत, याचे मला वाईट वाटते. उजेड नीट असेल तर सावळा रंग फोटोत फार सुंदर उतरतो. दुसरी, माणसांची यादी द्या. फोटोग्राफरला तुमच्या घरातले कोणी ओळखता येत नाही. तो व्यासपीठावर येणाऱ्यांचे आणि जोडीने उभे राहणाऱ्यांचे फोटो काढतो. विधवा आई, एकटी मावशी, चाकाच्या खुर्चीतले आजोबा, घरात तीस वर्षे काम करणाऱ्या बाई व्यासपीठापर्यंत येत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि तो राज्यभर गाजला, तरी मांडवात मागे सरकून उभी राहणारी आई आजही दिसते. यादीत तिचे नाव पहिले लिहा आणि ज्याला सगळे चेहरे ठाऊक आहेत असा एक नातेवाईक अर्धा तास फोटोग्राफरबरोबर फिरू द्या. हा अर्धा तास लग्नातल्या कोणत्याही क्रेनपेक्षा अधिक देऊन जातो.

करार साध्या मराठीत एका पानाचा असला तरी चालतो, पण तो हवा. त्यात तारखा, येणाऱ्यांची नावे, तासांची मर्यादा, किती फोटो आणि किती मिनिटांचा व्हिडिओ, कधी मिळणार, अल्बमची शीट किती, जादा शीटचा दर आणि पैशांचे हप्ते लिहावेत. शेवटचा हप्ता सगळा डेटा हातात आल्यावर. अल्बमचे सिलेक्शन आपल्यालाच करायचे असते आणि कित्येक अल्बम तिथेच महिनोन्महिने अडकतात, म्हणून त्याचीही मुदत लिहावी. आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा यात ग्राहकाच्या बाजूने आहे. सतराव्या कलमानुसार एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम सांगणारा असतो, जर करारात वेगळे ठरलेले नसेल तर. म्हणून सही करण्यापूर्वी छापील अटी वाचाव्यात. त्यांत हा हक्क फोटोग्राफरकडे गेलेला असू शकतो. तुमचे फोटो त्याने जाहिरातीसाठी वापरायचे की नाही, हेही तिथेच ठरवावे. ठरलेले काम दिलेच नाही तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती, करार आणि संदेश जपून ठेवलेले असले तरच याचा उपयोग.

ड्रोन घ्यायचाच असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांची माहिती फोटोग्राफरकडे आहे का ते पाहावे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर लागते. आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे विभाग आहेत आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. मुंबईचा विमानतळ, पुण्यात लोहगाव, नाशिकजवळ ओझर, गोव्यात दाबोळी यांच्या आसपास कार्यालय असेल तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघावा.

डेटा हातात आला, की त्याच आठवड्यात त्याच्या तीन प्रती करा. दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक दुसऱ्या घरात. फोटोग्राफर कायमचा साठा ठेवत नाहीत आणि पेन ड्राइव्ह हा जपणुकीचा उपाय नव्हे. १९८०-९० च्या दशकांतल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी आज दमट हवेत बुरशी धरून बसल्या आहेत आणि चालू स्थितीतले व्हीसीआर शोधावे लागतात. घरात तशा असतील तर त्या याच निमित्ताने डिजिटल करून घ्याव्यात. त्या काळचे रंगीत फोटोही तांबूस पडत चालले आहेत, कारण त्यांतली रंगद्रव्ये उडतात. त्याआधीचे कृष्णधवल फोटो चांदीवर उमटलेले म्हणून नीट धुतलेले असले तर टिकून आहेत. आजच्या फाइलींतून पन्नास-साठ फोटो चांगल्या कागदावर छापून घ्यावेत. निवड करायला पहिल्या दिवाळसणाला सगळे जमतील तेव्हा बसावे आणि घरातल्या ज्येष्ठांना विचारून प्रत्येक गटफोटोतली नावे डावीकडून उजवीकडे लिहून काढावीत. त्या बैठकीला फोटोग्राफर लागत नाही, एक वही आणि एक दुपार लागते.